मिड-टॉवर कॅबिनेटची जुळणी : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर : मापे

एटीएक्स (मदरबोर्ड आणि कॅबिनेटचे एक प्रमाणित माप) मिड-टॉवर कॅबिनेटमध्ये नवा डेस्कटॉप जुळवायचा आहे. भाग ठरले आहेत: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा पूर्ण मापाचा एटीएक्स मदरबोर्ड (३०५ × २४४ मिमी; पुढे नुसता बोर्ड), डीडीआर५-६००० रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, २२८० मापाची एम डॉट टू एनव्हीएमई एसएसडी, जुन्या संगणकातली साडेतीन इंची हार्ड डिस्क, आरएक्स ७८०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड, ७५० वॅटचा पूर्ण मॉड्युलर (सगळ्या केबली सुट्या होणारा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणि १२० मिमी फॅनचा टॉवर कूलर.

खोकी फोडण्याआधी मापे ताडून घेतली. एकदा सील तुटले की वस्तू परत करणे अवघड होते.

कूलर १५८ मिमी उंच, कॅबिनेटची मर्यादा १६५. कागदावर सात मिलिमीटर शिल्लक दिसतात, पण खरी अडचण रॅमपाशी आहे. पट्ट्यांवर उष्णता काढणारे उंच पत्रे आहेत, उंची ४२ मिमी. कूलरच्या फॅनखाली जागा ३७ मिमी. म्हणजे फॅन ५ मिमी वर सरकवावा लागणार आणि एकूण उंची १६३ होणार. काचेपासून दोन मिमी. बसेल, पण यापेक्षा फार उंच रॅम बसली नसती. पत्रे नसलेली साधी पट्टी जेमतेम ३१ मिमी असते. कूलर मोठा असेल तर तीच घ्यावी. डीडीआर५ ला ६००० च्या वेगाला उंच पत्र्यांची तशी गरजही नसते.

कार्डाच्या लांबीची मर्यादा ३६० मिमी छापली आहे. ती समोरची जागा मोकळी धरून असते. तिथे २५ मिमी जाडीचे फॅन येणार, म्हणून हातात ३३५ उरतात. कार्ड त्यात बसते. लांबी सगळेच मोजतात, रुंदी मात्र सुटते. पॉवरची पिन काचेच्या बाजूला असेल तर कार्डाच्या काठापासून काचेपर्यंत किमान ३५ मिमी हवेत, नाहीतर बंद करताना काच केबलवर दाबून बसते. वारंवार दाब येऊन पिन सैल होते आणि सैल पिन तापते.

एसएमपीएसची १५० × ८६ मिमी ही मापे प्रमाणित आहेत, लांबी नाही. हा १६० मिमीचा आहे. मागच्या भिंतीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २०५ मिमी. उरलेल्या ४५ मध्ये केबलींचे वळण बसवायचे आहे. जेमतेम आहे.

विजेचा हिशेब: ७६०० ची वीजमर्यादा ८८ वॅट, कार्ड २६३, बाकी बोर्ड, डिस्क, फॅन मिळून पन्नासेक. चारशेच्या आसपास. कार्ड क्षणभरासाठी याच्या बरेच वर उडी मारते, म्हणून ७५० योग्य.

३ नोव्हेंबर : कॅबिनेट रिकामे करणे

दोन्ही बाजू, समोरचे तोंड आणि वरची जाळी काढली. काच जाड कापडावर आडवी ठेवली. टेम्पर्ड काच सपाट पृष्ठभागावर मजबूत असते, काठावर नाही. फरशीला कोपरा टेकला तरी पूर्ण काच चुरा होऊ शकते.

स्क्रूंची पिशवी ओतून वेगवेगळे गट केले. कॅबिनेटमध्ये दोन तऱ्हेचे आटे येतात. ६-३२ चे आटे मोठे आणि विरळ, एम३ चे बारीक आणि दाट. एसएमपीएस, साडेतीन इंची डिस्क आणि मागच्या स्लॉटच्या पट्ट्या ६-३२ वर. अडीच इंची एसएसडी एम३ वर. बोर्ड ज्या छोट्या खांबांवर टेकतो त्यांचे, म्हणजे स्टँडऑफचे, कॅबिनेटनुसार बदलते, म्हणून एक स्क्रू हाताने फिरवून पाहिला. इथे ६-३२ आहेत. ६-३२ च्या भोकात एम३ नुसता गरगरतो, त्यातून काही बिघडत नाही. उलटे केले, म्हणजे एम३ च्या भोकात ६-३२ रेटला, तर आटे मरतात. दोन वळणांत बोटांनी पुढे गेला नाही तर तो स्क्रू तिथला नव्हे, एवढी खूण पुरते.

स्टँडऑफ तपासले. पूर्ण एटीएक्सला नऊ जागा. इथे मधल्या जागी आटे नसलेली खुंटी आहे, बोर्ड तिच्यावर बसून आपोआप रेषेत येतो. बोर्डाला भोक नाही अशा ठिकाणी एकही स्टँडऑफ राहता कामा नये. तो मागच्या सोल्डरला टेकतो आणि बोर्ड सुरूच होत नाही किंवा मधूनच बंद पडतो. आधी मायक्रो-एटीएक्ससाठी वापरलेल्या कॅबिनेटमध्ये हा दोष हमखास निघतो.

सगळे स्टँडऑफ ५ मिमी नट ड्रायव्हरने पुन्हा आवळले. दोन सैल होते. ते तसेच राहिले असते तर पुढे बोर्ड काढताना स्क्रूबरोबर स्टँडऑफही फिरला असता, आणि मग स्क्रू कितीही फिरवला तरी बोर्ड सुटत नाही.

५ नोव्हेंबर : टेबलावरची जुळणी

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून वीज देऊ नये; काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीजवाहक असतो.

एएम५ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) १७१८ पिना आहेत आणि त्या बोर्डाच्या बाजूला आहेत. दांडा उघडला, चौकट उचलली, प्रोसेसर दोन्ही कडांना धरून कोपऱ्यातला त्रिकोण आणि खाचा जुळवून सरळ खाली ठेवला. सरकवायचा नाही, दाबायचा नाही. काळे प्लास्टिक झाकण आधी काढायचे नसते, चौकट बंद केली की ते स्वतःच उडते. दांडा खाली नेताना चांगलाच जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो. ते नेहमीचे आहे. झाकण सांभाळून ठेवले. बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते मागतात.

रॅम सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या-तिसऱ्यात बसवली तरी कधी कधी चालते, पण ६००० चा वेग टिकत नाही. चार पट्ट्या लावल्या तर एएम५ वर वेग बराच खाली आणावा लागतो, म्हणून मोठी रॅम हवी असल्यास दोन मोठ्या पट्ट्याच घ्याव्यात.

एनव्हीएमई सॉकेटखालच्या पहिल्या जागेत, कारण तिच्या डेटाच्या रेषा थेट प्रोसेसरला जातात. साधारण ३० अंशाच्या तिरकस कोनात आत सरकवली, आडवी केली, पेच लावला. हीटसिंकच्या पॅडवरची पारदर्शक पट्टी सोलली. ही पट्टी तशीच राहिलेल्या एसएसडी बऱ्याच दिसतात. भरपूर लिहिण्याच्या कामात वेग अचानक पडतो आणि दोष एसएसडीवर येतो.

कूलरसाठी सॉकेटच्या दोन बाजूंचे प्लास्टिक कंस काढले. एएम५ ला मागची पट्टी सॉकेटशीच जोडलेली असल्याने पडत नाही. जुन्या एएम४ ला ती सुटून खाली येते, तिथे एका हाताने धरून ठेवावी लागते. थर्मल पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्यात बारीक कपॅसिटर दिसतात. जास्तीची पेस्ट तिथे भरते. वीजवाहक नसलेल्या पेस्टने बिघडत काही नाही, पण पुढच्या वेळी साफ करायला ताप होतो. कूलरच्या तळाची फिल्म काढली, दोन्ही पेच आळीपाळीने तीन-तीन वळणे देत थांबेपर्यंत नेले. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलो असतो तर तळ तिरका बसून पेस्ट एकीकडे गेली असती.

आता चाचणी. फक्त २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल, कूलरचा फॅन सीपीयू फॅन हेडरवर (हेडर म्हणजे बोर्डावरचा पिनांचा गट), एचडीएमआय बोर्डाच्या मागे. ७६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्यामुळे कार्डाशिवाय चित्र मिळते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक पॉवर स्विचच्या दोन पिनांना क्षणभर टेकवले.

फॅन फिरला, स्क्रीन काळी, बोर्डावरचा डीरॅम (रॅमचा) दिवा पेटलेला. हात लावला नाही. डीडीआर५ पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग (रॅम आणि प्रोसेसरची वेळ जुळवणे) करते, त्याला काही मिनिटे लागू शकतात, मध्ये बोर्ड स्वतःहून रिस्टार्टही होतो. घाबरून वीज तोडली की सगळे पहिल्यापासून सुरू. दहा मिनिटांनंतरही दिवा तसाच असेल तर एक पट्टी काढून दुसरी सॉकेटपासूनच्या दुसऱ्या खाचेत ठेवून बघावे. इथे ती वेळ आली नाही. बायोसची (बोर्डातल्या मूळ प्रणालीची) स्क्रीन आली, दोन्ही पट्ट्या आणि एनव्हीएमई दिसल्या.

लगेच बायोस अद्ययावत केला. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा हवा. २०२३ मध्ये एएम५ वर काही प्रोसेसर जळाल्यानंतर नव्या बायोसमध्ये एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकाच्या भागाचे) व्होल्टेज १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केले गेले, तेव्हा जुन्या बायोसवर रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारे एक्सपो प्रोफाइल चालू करू नये.

८ नोव्हेंबर : एसएमपीएस

खाली गाळणी आणि पाय असल्याने फॅनचे तोंड खाली. कॅबिनेट गालिचावर ठेवायचे असते तर तोंड वर केले असते.

लागणाऱ्या केबली आधी एसएमपीएसला जोडून मगच तो आत सरकवला, कारण आत गेल्यावर मागे बोटे पोहोचत नाहीत: २४ पिन, प्रोसेसरची ८ पिन, कार्डासाठी पीसीआय-ई ८ पिनच्या दोन स्वतंत्र केबली, हार्ड डिस्कसाठी एक साटा. प्रोसेसरची आणि पीसीआय-ईची पिन दिसायला सारखी असते, पण आतली जोडणी उलट आहे. प्रोसेसरची ४+४ अशी तुटते, पीसीआय-ईची ६+२ अशी.

जुन्या एसएमपीएसच्या केबली इथे वापरायच्या नाहीत. बोर्डाकडचे टोक प्रमाणित असते, एसएमपीएसकडचे नाही. पिन बसते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि हार्ड डिस्क पहिल्याच फटक्यात जाते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. जुन्या केबली वेगळ्या पिशवीत बांधून चिठ्ठी लावली.

९ नोव्हेंबर : बोर्ड आत

कॅबिनेट आडवे. कूलरचा फॅन काढला, नुसता हीटसिंक ठेवला, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या स्क्रूपर्यंत लांब ड्रायव्हर जातो. प्रोसेसरची ८ पिनची केबल बोर्ड ठेवण्याआधीच मागून वरच्या भोकातून ओढून घेतली. हे भोक बोर्डाच्या कडेला इतके चिकटून असते की बोर्ड बसल्यावर त्यातून कनेक्टर जात नाही.

या बोर्डाची आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवतीचा पत्रा) बोर्डालाच जोडलेली आहे. सुटी असती तर ती आधी चारही कोपऱ्यांत टिक आवाज येईपर्यंत बसवावी लागली असती. सुट्या शील्डच्या पत्र्याच्या जिभा यूएसबी किंवा लॅनच्या तोंडात शिरतात; बोर्ड सरकवताना मागून डोकावून बघणे भाग आहे.

बोर्ड तिरका धरून आधी मागची पोर्टे खिडकीत, मग मधल्या खुंटीवर. सगळे स्क्रू प्रथम दोन-दोन वळणे लावून सोडले, नंतर आवळले. बोर्ड हलणार नाही इतपतच जोर.

फ्रंट पॅनेलचा हेडर: ९ पिना, दहावी जागा रिकामी. विषम रांगेत १ आणि ३ वर डिस्कचा दिवा, ५ आणि ७ वर रिसेट. सम रांगेत २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, ६ आणि ८ वर पॉवर स्विच. स्विच कसाही लावला तरी चालतो. दिव्यांना धन-ऋण असते. उलटे लावले तर जळत नाहीत, नुसते पेटत नाहीत. या कॅबिनेटचा पॉवर दिव्याचा प्लग तीन पिनांच्या रुंदीचा, मधली रिकामी. बोर्डावर दोन पिना शेजारी. बारीक टाचणीने प्लगची प्लास्टिक जीभ उचलून एक तार काढून मधल्या घरात सरकवली.

यूएसबी ३ चा १९ पिनचा जाड प्लग सर्वांत त्रासदायक. खाच बघून सरळ खाली दाबायचा. तिरका गेला की पिना वाकतात. काढताना तर पूर्ण हेडरच बोर्डावरून उपटून येतो, म्हणून एक हात हेडरच्या कडेवर ठेवूनच ओढावा. ऑडिओची केबल खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत जाईना. ती एसएमपीएसच्या झाकणाखालून सरळ नेली, मागून फिरवली नाही. यूएसबी २ आणि ऑडिओ दोन्ही ९ पिनांचे, पण रिकामी पिन वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे अदलाबदल होत नाही. जोर लावावा लागत असेल तर चुकीच्या हेडरवर आहोत.

१२ नोव्हेंबर : फॅन

समोर १४० मिमीचे दोन आत ओढणारे, मागे १२० चा एक बाहेर फेकणारा. चौकटीचे आडवे दांडे ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त राहिली की फटींमधून धूळ ओढली जात नाही, गाळणीतूनच हवा येते.

वर समोरच्या बाजूला आणखी एक बाहेर फेकणारा फॅन लावून बघितला. प्रोसेसरचे तापमान कमी व्हायच्या ऐवजी दोन अंशांनी वाढले. समोरून आलेली गार हवा कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच तो वर खेचून नेतो. काढून टाकला. वर लावायचाच तर मागच्या जागी.

समोरचे फॅन चार पिनांचे, मागचा तीन पिनांचा. तीन पिनांच्या फॅनसाठी बायोसमध्ये तो हेडर डीसी पद्धतीवर (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणे) नेला. पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेतून वेगाचा इशारा देणे) ठेवला तर फॅन कायम पूर्ण वेगाने घोंगावतो. रंगीत दिव्यांची पट्टी लावणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच: तीन पिनांची ५ व्होल्टची आणि चार पिनांची १२ व्होल्टची वेगळी. ५ ची पट्टी १२ वर गेली की मेलीच.

१५ नोव्हेंबर : कार्ड

कार्ड नुसते स्लॉटसमोर धरून मागच्या कुठल्या पट्ट्या काढायच्या ते ठरवले. मोजत बसलो की एक जास्तीची निघते आणि या कॅबिनेटमध्ये काही पट्ट्या तोडून काढायच्या आहेत, परत लागत नाहीत.

कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये, टोकाचा खटका वाजेपर्यंत. मग मागचे दोन स्क्रू. स्क्रू आवळताना कार्ड पुढून वर उचलले जाते का बघितले. पत्र्याचा कंस कॅबिनेटच्या कडेला अडला तर असे होते आणि स्लॉटमधला संपर्क अर्धवट राहतो. पुढच्या टोकाखाली आधाराचा खांब दिला.

८ पिनच्या दोन्ही जागांना दोन स्वतंत्र केबली. एकाच केबलला दोन तोंडे असलेली इथे वापरली नाही. प्रत्येक तोंडाची प्रमाणित क्षमता १५० वॅट, स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५. कार्ड २६३ घेते, म्हणजे बाकीचा दोनशेच्या आसपासचा भार एकाच तारेवर पडला असता. चालते, पण तार आणि कनेक्टर विनाकारण गरम राहतात.

मॉनिटरची केबल कार्डाला लावली, बोर्डाला नाही. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या संगणकात चित्र दोन्हीकडून येते, त्यामुळे चुकीची जागा पटकन लक्षात येत नाही; गेम रखडत चालतात तेव्हा कळते.

१६ नोव्हेंबर : बायोस आणि चाचण्या

एक्सपो चालू, पुन्हा एकदा काळी स्क्रीन, पुन्हा ट्रेनिंग. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय) बंद, रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू (विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते). रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे, एकही चूक नाही. एक जरी चूक दिसली असती तरी ६००० वरून ५६०० वर आणले असते. चुकणाऱ्या रॅमवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवली तर फायली नकळत बिघडत जातात.

तापमान: खोली २७ अंश, सर्व कोअरवर अर्धा तास भार, प्रोसेसर ७८ अंश. याची मर्यादा ९५. तीच चाचणी काच काढून केली तर ७५. बंद आणि उघड्या कॅबिनेटमधला हा फरकच हवेची वाट कशी आहे ते सांगतो. दोन-चार अंश ठीक. दहाच्या वर गेला तर समोरचे तोंड गुदमरते आहे, कूलर बदलून उपयोग नाही.

२२ नोव्हेंबर : हार्ड डिस्क

डिस्क पिंजऱ्यात लावल्यापासून बारीक गुंजन. डिस्क ७२०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. तेवढ्याच वारंवारितेचा आवाज पत्रा उचलून मोठा करतो. डिस्क फक्त दोन स्क्रूंवर होती. चारही भोकांत रबरी वायसर घालून खांदा असलेले ६-३२ स्क्रू लावले, ते रबर चपटे होईपर्यंत आवळायचे नसतात. आवाज पडला.

मागची बाजू आवरली. केबल टायऐवजी वेल्क्रो. टाय कापताना कात्रीखाली तारही येते. २४ पिनची जाडी मधल्या खोलगट चरात, कारण तेवढ्याच भागात पत्र्यामागे २० मिमी जागा आहे, बाकी कडेने कमी. मागचे दार लावताना हाताने रेटावे लागले तर केबली पुन्हा पसराव्यात.

६ डिसेंबर : पाहणी

समोरच्या गाळणीवर धूळ, आत नाही. गाळणी धुऊन पूर्ण वाळवून लावली. मागच्या फॅनचा एक स्क्रू सैल झाला होता. फॅनचे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात, म्हणून पुन्हा लावताना आधी उलटे फिरवून जुन्या आट्यांत टक करून बसू दिला आणि मग आवळला. कार्डाखालचा खांब एक मिमी वर घेतला. पुढची पाहणी मार्चमध्ये. त्या वेळी एसएमपीएसखालची गाळणीही बाहेर काढायची आहे, ती मागून सरकते, म्हणून कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ठेवले आहे.